जत्रेत हात सुटला, एवढंच घरात सांगितलं जायचं. कादंबरीसाठी मदत हवी आहे

माणदेशी मेडिकल

नमस्कार मंडळी. माझं फलटणला औषधांचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा बिलबुकामागे वही ठेवून गेली तीन वर्षं मी एक रहस्यकादंबरी लिहितेय. हरवलेल्या मुलाची गोष्ट आहे. दोनशे पानांवर येऊन अडलेय. पोलिसातलं, कोर्टातलं, मनाचं कुणाला कळत असेल तर मदत करा.

यातलं निम्मं आमच्या घरातलं आहे, हे आधीच सांगते. लपवून विचारलं तर उत्तरंही अर्धीच मिळतील.

आमचं गाव माण तालुक्यात, शिखर शिंगणापूरच्या डोंगराखाली. १९७२ च्या दुष्काळात घरात मिलो यायचा, तो अमेरिकेचा तांबडा जोंधळा. त्याच्या भाकरीला चिकटपणा नसायचा, आजी थापायची आणि ती हातातच मोडायची. आजोबा आणि बारा वर्षांचे माझे वडील खडी फोडायला जायचे. वडिलांच्या पाठची आत्या सहा वर्षांची, तिच्या पाठचे काका, चौथं लागलेले. १९७३ च्या चैत्रात शंभू महादेवाची यात्रा होती. द्वादशीला कावडी मुंगी घाट चढत असताना काका हरवले. आत्याच्या हाताला धरून उभे होते. लोट आला आणि हात सुटला.

"जत्रंत हात सुटला." तीन शब्द. त्याच्यापुढे आमच्या घरात कुणी कधी चौथा शब्द काढला नाही. शिंगणापूर आमचं कुलदैवत, पण आजी नंतर एकदाही डोंगर चढली नाही. दारावरून कावड जायला लागली की परड्यात जाऊन बसायची.

आजी २०२१ मध्ये गेली. तिच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत मला मनीऑर्डरची कूपनं सापडली. पैसे घेताना पोस्टमन फॉर्मचा खालचा तुकडा फाडून द्यायचा, ती. एकूण १६. वर्षातून दोन, एक मृगाच्या आधीची आणि एक दिवाळीची. पहिलं १९७३ च्या दिवाळीचं, शेवटचं १९८१ च्या दिवाळीचं. मध्ये १९७६ च्या दिवाळीचं तेवढं नाही. रक्कम बहुतेक वेळा ३० रुपये. पाठवणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, पत्ता परळच्या एका चाळीचा. मी जाऊन आले, त्या जागी आता टॉवर आहे. निरोपाच्या जागेत दोन-दोन ओळी आहेत. "मुलगा खुशाल आहे." "मुलास शाळेत घातले." आणि पहिल्याच कूपनावर, "तुम्ही इकडे येऊ नये."

वडील आयुष्यभर एक गोष्ट अभिमानाने सांगायचे. दुष्काळात बैल कवडीमोलानं गेले, पण ७३ च्या मृगाला अख्ख्या वाडीत आमच्याच दारात खिल्लार जोडी उभी होती. त्यांनी ते आजोबांचं कर्तृत्व म्हणूनच सांगितलं, आणि मीही लहानपणी तसंच ऐकलं. बैल मृगाला आले. पहिली मनीऑर्डर त्यानंतर, दिवाळीला आली. आता ते वाक्य माझ्याने ऐकवत नाही.

माझ्या कादंबरीची निवेदक ती बहीण आहे. खरी आत्या नातेपुत्याला असते. नातवाला जत्रेत नेलं की त्याच्या मनगटाला स्वतःच्या पदराची गाठ मारते. तो प्रसंग ती इतका बारीक सांगते, की पिपाणी कुठल्या बाजूने वाजत होती तेही सांगते. आपण निळा फ्रॉक घातला होता आणि बाळानं त्याची झालर धरली होती, असं म्हणते. पण तो निळा फ्रॉक १९७५ मध्ये एका लग्नासाठी शिवला होता, आमच्याकडे त्या लग्नाचा फोटो आहे. दुष्काळात नवा फ्रॉक कुठून येणार? मग तिला जे आठवतं ते काय आहे? सहा वर्षांच्या पोरीला घरानं सांगून-सांगून आठवण दिली, असं होऊ शकतं का?

दुसरं, तेव्हाच्या पोलीस दप्तरात अशा मुलाची नोंद कशी झाली असती? आणि तिसरं मला सगळ्यात छळतं. कूपनांचं वाचकाला आधी कळू द्यावं की बहिणीला? खऱ्या आत्याला अजून मी काहीच सांगितलेलं नाही. सांगावं का, हा प्रश्नही त्यातच आला.

विहिरीत प्रेत सापडतं तशा शेवटाची मला कादंबरी लिहायची नाही. आमच्याकडे कुणी मेलं नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं दाबता आलं.

---

निवृत्त हवालदार

ताई, मी ३४ वर्षं नोकरी केली. भरती झालो १९७९ ला, त्यामुळे तुमच्या सालचं दप्तर हाताळलेलं नाही, पण पद्धत तीच होती.

यात्रेत तात्पुरती चौकी असते. पोर चुकलं की आधी भोंग्यावर पुकारायचं. शंभरातली बहुतेक पोरं संध्याकाळपर्यंत आईच्या कडेवर. नाही सापडलं तर ठाण्यात हरवल्याची नोंद करायची: वय, वर्ण, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण. गुन्हा दाखल व्हायचा नाही. गरिबाकडे फोटो नसायचा. गावी पोलीस पाटलाला कळवायचं. तसली रजिस्टरं मुदतीनंतर नष्ट होतात, म्हणून तिथे वेळ घालवू नका.

आता कायदा वेगळा आहे. १० मे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनच्या खटल्यात सांगितलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलंय असं धरून गुन्हा नोंदवायचाच. आधी भारतीय दंड विधानाचं कलम ३६३ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं १३७. चार महिन्यांत नाही सापडलं तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे, म्हणजे माणसांची तस्करी रोखणाऱ्या कक्षाकडे जातो. कादंबरीत कुणी आजच्या काळात "चोवीस तास थांबा" म्हणणारा फौजदार घातला असेल तर काढून टाका.

पण तुमच्या गोष्टीतली खरी गोम सांगू? ज्याचं पोर खरंच हरवतं तो बाप चौकीवरून हलत नाही. हाकललं तरी परत येऊन बसतो. मी एक बाप बघितलाय, अकरा दिवस चौकीच्या पायरीवर. त्याला आम्हीच चहा पाजायचो. तुमचे आजोबा त्या रात्री कुठे होते, ते घरात विचारा. कादंबरीतल्या फौजदारालाही तेच विचारू द्या.

आणि तलाठ्याकडे जा. आजोबा वारल्यावर वारस नोंदीचा फेरफार झाला असेल. हरवलेला मुलगा वारस असतो. सात वर्षं ठावठिकाणा नाही म्हणून मयत धरायचा तर तेही कोर्टात मांडावं लागतं. काकांचं नाव वारसांत आहे का बघा.

---

माणदेशी मेडिकल

हवालदार काका, तुमचं वाचलं आणि दुकान बंद करून घरी आले. आजोबा १९९४ ला गेले. फेरफाराची नक्कल माझ्याकडे आहे, विहिरीच्या कर्जासाठी काढली होती. वारस तिघे: आजी, वडील, आत्या. काकांचं नाव नाही. "बेपत्ता" असंही लिहिलेलं नाही. त्या कागदापुरता तो मुलगा जन्मलाच नव्हता. किती वेळा हातात घेतला असेल मी तो कागद.

आणि आजोबा त्या रात्री कुठे होते? वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी खडीच्या कामावर माझ्याबरोबर हजर होते."

---

काळा कोट, सांगली

थोडं दत्तकाचं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, होमाचीही नाही. आईबापाने मूल प्रत्यक्ष द्यायचं आणि घेणाऱ्यांनी घ्यायचं, दोघांचा हेतू दत्तकाचा हवा, एवढं पुरतं. घेणाऱ्या घरी मुलगा नसावा, मूल पंधरा वर्षांच्या आतलं असावं, आणि देणारा बाप असेल तर आईची संमती लागते. दिल्यावर जन्माच्या घराशी कायद्याचं नातं तुटतं. वारस नोंदीत नाव नसणं त्याच्याशी जुळतं. अर्थात तुमच्या गावकामगार तलाठ्याने एवढा विचार केला असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी "तिघंच" म्हणून सांगितलं असणार.

म्हणजे आजोबांना उघडपणे देता आलं असतं. चार माणसं बोलावून, गूळ वाटून. दुष्काळात कुणी नावंही ठेवली नसती. मग जत्रेचा बनाव कशाला? त्याच कायद्याचं कलम १७ वाचा. दत्तकाच्या बदल्यात पैसे किंवा वस्तू घेणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. आजोबांना कलम माहीत असण्याची गरज नाही. पोराच्या बदल्यात बैल घेतले हे गाव कधी विसरत नाही, एवढं त्यांना नक्की माहीत असणार.

अर्थात बैलांचं हे तुमचं अनुमान आहे, पुरावा नाही. कादंबरीत ते तसंच अनुमान राहू द्या. जोडी दारात उभी करा आणि निवेदकाला तिच्याबद्दल एक वाक्यही बोलू देऊ नका.

---

मनाची गोष्ट

मी पुण्यात समुपदेशन करते. आठवणीबद्दल विचारलंत म्हणून लिहितेय.

होय, होऊ शकतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या दोघींनी अमेरिकेत केलेला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तुमच्या विषयाला अगदी चिकटून आहे. २४ जणांना त्यांच्या बालपणीचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन नातेवाइकांकडून मिळालेले खरे होते. चौथा रचलेला: पाच वर्षांचे असताना तुम्ही बाजारात हरवलात, रडत होतात, एका वयस्कर व्यक्तीने तुम्हाला घरच्यांपाशी पोचवलं. २४ पैकी ६ जणांना तो कधीच न घडलेला प्रसंग पूर्ण किंवा थोडाफार "आठवला". तोही काही भेटींत. तुमच्या आत्याला तर तो आयुष्यभर ऐकवला गेला, आणि तोही आईकडून.

पण निळ्या फ्रॉकवरून सगळी आठवण खोटी ठरवू नका. सहाव्या वर्षीचं माणसाला खरंच आठवू शकतं. आपण दर वेळी आठवताना ती नव्याने जुळवतो, त्यात नंतरचे कपडे, नंतरचे आवाज शिरतात. गर्दी खरी असेल, हातही खरा असेल, फ्रॉक तेवढा नंतरचा. फक्त "माझ्यामुळे" हा शब्द कुणी घातला ते शोधा. मुलं तो स्वतःही घालतात. सहा वर्षांच्या मुलाला कारण हवं असतं आणि सगळ्यात जवळचं कारण ते स्वतःच असतं.

अजून एक. पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस गेला की आहे हेच कळत नाही तेव्हाच्या दुःखाला त्यांनी वेगळं नाव दिलं, कारण त्याला दिवस घालता येत नाहीत, सुतक नसतं, भेटायला कुणी येत नाही. आत्याचं दुःख त्या जातीचं आहे. आजीचं नव्हतं. आजीला ठाऊक होतं तो कुठे आहे. एका घरात, एका चुलीपाशी, एकाच मुलासाठी दोघी दोन वेगळी दुःखं करत होत्या. माझ्या मते तुमची कादंबरी इथे आहे.

आत्याला सांगायचं असेल तर एकट्या जा, दिवसाउजेडी जा. आणि सांगण्याआधी विचारा, "तुला याबद्दल अजून काही ठाऊक करून घ्यायचंय का?" नाही म्हणाली तर कूपनं पिशवीतच राहू द्या.

---

लालबाग ते डोंबिवली

माझे वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. कूपनांची तारीख वाचून अंगावर काटा आला. १९८१ ची दिवाळी. त्यानंतर १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख माणूस घरी बसला. त्या मृगाला गावाला पाठवायला गिरणगावात कुणापाशी तीस रुपये असणार? आमच्या घरातली भांडीसुद्धा गेली. तेव्हा पाठवणारा मेला किंवा उलटला, असं लगेच लिहू नका. तो फक्त संपावर असेल.

चाळीत गावाहून आणलेलं पोर ही काही नवलाई नव्हती. भाऊ, भाचा, दिराचा पोरगा, कुणी ना कुणी यायचंच. "गावचा आहे" म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. म्युनिसिपालिटीच्या शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसेल तर मास्तर १ जून तारीख टाकायचे. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून. तुमचे काका हयात असतील तर त्यांचाही बहुधा तोच असेल.

आता एक प्रश्न, त्याचा विचार करून उत्तर द्या. तुमच्या आजींना लिहितावाचता येत होतं का? येत नसेल तर मनीऑर्डर घेताना अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार लागतो. निरोपही कुणीतरी वाचूनच दाखवला असणार. आठ वर्षं, सतरा वेळा. पोस्टमन धरला तरी घराबाहेर किमान दोघांना माहीत. तुमची कादंबरी "कुणालाच माहीत नव्हतं" यावर उभी असेल तर ती इथे कोसळते. ते कोण होतं ते शोधा.

आणि ताई, सगळे आत्याचं बोलतायत म्हणून मी त्या पोराचं बोलतो. चौथ्या वर्षी मुंगी घाटावरून परळच्या खोलीत. त्याला काय सांगितलं असेल?

---

पुस्तकवेडा नगरकर

मी फक्त वाचक आहे. वाचकाला आधी कळू द्या. मला कूपनं ठाऊक आहेत आणि ती बाई नातवाच्या मनगटाला गाठ मारतेय, हे वाचताना जीव गोळा होईल. दोघांना एकदम कळलं तर मी फक्त दचकेन आणि पान उलटेन.

खऱ्या आत्याला मात्र सांगू नका असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या ताई शिकलेल्या आहेत, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी आईबाप दोन्ही हिरावून घ्यायचे आणि बदल्यात काय द्यायचं? सोळा चिटोरी?

---

माणदेशी मेडिकल

सगळ्यांना एकत्रच लिहिते. नऊ दिवस झाले, दुकानात लक्ष नाही.

लालबागच्या दादांचा प्रश्न डोक्यातून जाईना. आजी निरक्षर होती. अंगठाच करायची. पोस्टमन कधीच वारला. मग साक्षीदार कोण, वाचणारं कोण, म्हणून मी वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांची यादी करत बसले. आणि रविवारी नातेपुत्याला गेले. नगरकर, तुमचं मत मनापासून होतं हे कळतं. पण मला ते पाळता आलं नाही.

आत्या शेंगा फोडत बसली होती. मी पुण्याच्या ताईंनी सांगितलं तसंच विचारलं, "काकाबद्दल तुला अजून काही ठाऊक करून घ्यायचंय का गं?" तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "पेटी तू उघडलीस व्हय."

मी पिशवी काढली. तिने कूपनं ओसरीवर मांडली. तारखा न बघता, निरोपाच्या पहिल्या शब्दावरून ओळखून, ओळीने. मधे एका कूपनाएवढी जागा सोडली. मग सांगितलं. ती तिसरीत गेल्यापासून पोस्टमन आला की आजी तिला हाक मारायची. आत्याच वाचून दाखवायची. साक्षीदार पोस्टमन स्वतःच कुणीतरी गाठायचा, त्याला निरोप काय आहे ते कळायचं नाही. वाचणारी ती एकटी, वय वर्षं आठ-नऊ. आजीनं शपथ घातली नव्हती की धमकी दिली नव्हती. वाचून झालं की म्हणायची, "बरं हाय म्हंजे," आणि चुलीकडे वळायची.

मी विचारलं, "मग तू आजपर्यंत हात सुटला म्हणून का सांगत आलीस?"

"सुटला तर हुताच की."

"पण तुला ठाऊक होतं, आत्या."

"ठाऊक आसलं म्हणून काय झालं? मला दोन्ही आठवतंय. आन आईला त्योच बरा वाटायचा. म्या हात सुटला म्हणलं की ती माझ्या डोक्यावरनं हात फिरवायची."

मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. तीन वर्षं मी एका फसवल्या गेलेल्या पोरीची गोष्ट लिहीत होते.

मग ती उठून आत गेली आणि हळदीकुंकवाच्या जुन्या डब्यातून १९७६ च्या दिवाळीचं कूपन घेऊन आली. घड्या पडून मध्ये भोक पडलंय. त्यावर लिहिलंय, "मुलगा ताईस विचारतो. काय सांगावे?" हे कूपन तिने आजीला वाचून दाखवलं नाही. "बरं हाय" एवढंच सांगितलं आणि तुकडा स्वतःपाशी ठेवला. पुण्याच्या ताई, मग तिचं दुःख तुम्ही म्हणालात त्या जातीचं की आजीच्या, मला सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर लिहा.

दोनशे पानं बाजूला ठेवली आहेत. नव्या वहीत पहिलं वाक्य आत्याच्या तोंडी आहे. वाचकाला सगळ्यात शेवटी कळेल की तिला पहिल्यापासून ठाऊक होतं की पहिल्याच पानावर, ते अजून ठरत नाही.

लालबागचे दादा, आता तुमच्याकडेच काम आहे. १९७७ च्या एका कूपनावर शाळेचं नाव आणि इयत्ता आहे. इयत्ता दुसरी. शाळेचं जनरल रजिस्टर कायम जपतात असं आमच्या गावच्या मास्तरांनी सांगितलं. ती शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर रजिस्टर कुठे जातं? अर्ज कुणाच्या नावे करायचा? मी एकटीच येणार होते. आत्या म्हणते, ती पण येणार. मुंबईला ती कधी आलेली नाही, गर्दीला घाबरते, तेव्हा दादरला उतरून परळला सकाळी किती वाजता पोचलेलं बरं तेही सांगा.